मोडीतली गाडी: घ्यायची की सोडायची? तपासणीच्या नोंदी

२ नोव्हेंबर

अपघातातली गाडी यार्डमधून उचलून उभी करायची, हे बरेच दिवस डोक्यात घोळतंय. या नोंदी दुरुस्तीच्या नाहीत, त्याच्या आधीच्या आहेत. कोणती गाडी घ्यायची आणि कोणती सोडायची, एवढंच. दुरुस्तीच्या नोंदी पुष्कळ जण ठेवतात. न घेतलेल्या गाडीबद्दल कुणी लिहीत नाही, आणि पैसे खरे तिथे वाचतात.

हिशेब कुणालाही वापरता यावा म्हणून एक सोय केली. त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची, धडधाकट गाडी बाजारात ज्या भावाला मिळते तो भाव १०० धरला. पुढचे सगळे आकडे या १०० मधले. अपघातातून उभी केलेली गाडी कितीही झकास झाली तरी कागदावर डाग राहतो, त्यामुळे ती पुढे ७५ च्या वर जाईल असं मी धरत नाही. त्यातले १० माझ्या मेहनतीचे आणि धोक्याचे. उरले ६५. गाडी, सुटे भाग, मजुरी, वाहतूक, तपासणी, सगळं यात बसलं पाहिजे. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहून ठेवलाय, कारण गाडी एकदा आवडली की माणूस आकडे वाकवायला लागतो.

नजरेत दोन गाड्या आहेत. दोन्ही एकाच मॉडेलच्या, पेट्रोल, हाताने गिअर टाकायच्या. पांढरी दिसायला अखंड आहे, फक्त चालू होत नाही. लाल समोरून चेपलेली आहे. सोबत एक जुने डेंटर आहेत, त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, मीही तेच म्हणतो.

५ नोव्हेंबर

गाडीला हात लावण्याआधी कागद. ज्या तपासणीला खर्च सर्वांत कमी आणि जिच्यात सौदा मोडू शकतो, ती पहिली.

मोडीत निघालेली प्रत्येक गाडी पुन्हा रस्त्यावर आणता येते असं नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१७ पासून ए, बी, एस, एन असे चार वर्ग आहेत. ए म्हणजे अख्खी गाडी चिरडायची. बी म्हणजे सुटे भाग काढा, सांगाडा चिरडा. एस म्हणजे सांगाड्याला इजा आहे पण दुरुस्त होऊ शकते, आणि एन म्हणजे सांगाडा शाबूत. अमेरिकेत आधी सॅल्व्हेजचा शिक्का बसतो आणि दुरुस्तीनंतर तपासणी पार पडली की रीबिल्टचा. जिथे जो नियम असेल तो नोंदणी कार्यालयातून विचारून घ्यावा, यार्डवाल्याच्या तोंडी हमीवर जाऊ नये. विमा कंपनीलाही आत्ताच विचारून ठेवावं. अशा गाडीला पूर्ण विमा द्यायला काही कंपन्या नकार देतात, आणि ते गाडी तयार झाल्यावर कळलं तर उपयोग नाही.

मग चासी नंबर. १७ अक्षरं-आकडे असतात, आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू कधीच नसतात, कारण ते १ आणि ० सारखे दिसतात. यातलं एखादं अक्षर दिसलं तर तिथूनच मागे फिरावं. नंबर एकाच ठिकाणी बघून चालत नाही. काचेखालची पट्टी, दाराच्या खांबावरचं स्टिकर आणि पत्र्यावर ठोकलेला नंबर, तिन्ही कागदाशी जुळले पाहिजेत. ठोकलेल्या नंबरभोवती बोट फिरवून बघावं. घासल्याची खरखर किंवा भोवती नवीन वेल्डिंग जाणवलं तर प्रकरण साधं नाही.

दोन्ही गाड्यांचे नंबर जुळले. लालवर सांगाड्याला इजा अशी नोंद आहे. पांढरीच्या कागदावर नुकसानीच्या रकान्यात ‘इतर’ एवढंच. ‘इतर’ म्हणजे काय, ते यार्डमध्ये कुणालाच सांगता आलं नाही.

८ नोव्हेंबर: पांढरी

पत्र्याला ओरखडा नाही. काचा शाबूत, सीट स्वच्छ, आत सुगंधी फवारा मारलेला. यार्डवाले म्हणाले, “फक्त चालू होत नाही साहेब, बाकी कंडिशन एक नंबर.” भाव १८.

मिस्त्रींनी बॉनेट उघडायलाही सांगितलं नाही. पुढच्या दारात उभं राहून सीटबेल्ट धरला आणि रिळातून पार शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्टीवर एक सरळ आडवी रेघ होती, रेघेच्या एका बाजूला पट्टी काळी, दुसऱ्या बाजूला मातकट. चिमटीत धरून चोळली तर बोटांना पिठासारखा बारीक गाळ लागला. रोजच्या वापरात पट्टीचा हा भाग रिळाबाहेर येत नाही, त्यामुळे गाडी धुणाऱ्यालाही तो आठवत नाही.

बाकी पुरावे मग पटापट मिळाले. सीटखालच्या स्प्रिंगांना गंज. मागच्या दिव्याच्या काचेत तळाशी गाळाची पातळ रेषा. डॅशबोर्डखालचे कनेक्टर उघडले तर पितळी टोकांवर हिरवा थर. ऑइलची पट्टी काढली तर तेल दुधाळ.

गाडी सीटच्या वर बुडालेली आहे. एअरबॅगचं मॉड्यूल (त्या कधी उडवायच्या ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बहुतेक गाड्यांत पुढच्या दोन सीटच्या मधे, अगदी खाली बसवलेलं असतं, म्हणजे तेही पाण्यात होतं. चालत्या इंजिनाने पाणी ओढलं असेल तर आणखी वाईट. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि त्यात कनेक्टिंग रॉड वाकतात. पण इंजिन बदलता येतं. वायरिंगमधला गंज बदलता येत नाही. तो इन्सुलेशनच्या आत तारेवरून सरकत राहतो आणि आज चालणारी पॉवर विंडो सहा महिन्यांनी बंद पडते, मग ब्रेकचा दिवा लागतो, मग काहीच कळत नाही.

पांढरी बाद. भाव सगळ्यात कमी होता, दिसायला सगळ्यात चांगली होती.

११ नोव्हेंबर: लाल, नजरेने

डावा कोपरा तिरका ठोकलेला. बॉनेटची घडी पडली आहे, डावं फेंडर दाराला टेकलंय, हेडलाइट जागेवर नाही, रेडिएटर मागे सरकून पंख्यात घुसलाय. दोन्ही पुढच्या एअरबॅग उडालेल्या. बघून पोटात गोळा येतो. मिस्त्री मात्र पुढचा भाग सोडून आधी मागच्या भागाकडे गेले.

दारं चारही एका धक्क्यात बंद होतात. पुढच्या आणि मागच्या दारामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी, साधारण ४ मिमी. छताला सुरकुती नाही. समोरची काच सोडून सगळ्या काचांवरच्या छापात साल एकच, म्हणजे त्या मूळच्या. टायरवरचा चार आकडी शिक्काही बघितला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, म्हणजे ३२१९ असेल तर २०१९ चा ३२ वा आठवडा. तीन टायर एका वयाचे, डावा पुढचा वेगळा आणि नंतरचा. त्या कोपऱ्याला आधीही काही झालं असावं.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र उसनं आणलं होतं. कारखान्यातला रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनच्या मधे असतो. छतावर ११०, उजव्या दारांवर १२० च्या आसपास. डाव्या मागच्या दारावर ३४०, म्हणजे पुन्हा रंगवलेलं. त्यामागच्या क्वार्टर पॅनलवर, म्हणजे मागच्या चाकावरच्या पत्र्यावर, ९००. तिथे लांबी (पुटी) भरली आहे. जुनी, बरी केलेली डेंट. चिंतेची नाही, पण भावात बोलायच्या कामाची.

नजरेने केलेला खर्चाचा अंदाज ३८. मागणी २४. बेरीज ६२. वहीतल्या ६५ च्या आत आहे. यात एअरबॅगसाठी ५ धरलेत, वापरलेल्या दोन मिळतील या हिशेबाने. तो आकडा मला तेव्हा पुरेसा वाटला.

१४ नोव्हेंबर: सांगाड्याची मापं

आजचा बहुतेक वेळ वाया गेला, पण का गेला ते लिहून ठेवतो.

अशा गाडीला वेगळी चासी नसते, पत्र्याचं अंगच सांगाडा असतं. ते वेडंवाकडं झालंय का हे कर्ण मोजून कळतं. डाव्या स्ट्रट टॉवरपासून (पुढच्या चाकाचा शॉकॲब्सॉर्बर वर जिथे बसतो ती जागा) उजव्या बॉनेट-बिजागरीपर्यंत एक माप, उजव्या टॉवरपासून डाव्या बिजागरीपर्यंत दुसरं. दोन्ही सारखे असतील तर तिथपर्यंत चौकट शाबूत. टेप लावता येत नाही, कारण मधे इंजिन येतं आणि टेप वाकतो. ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीवर सरकणारे दोन टोकदार गज बसवून ट्रॅम गेज बनवला.

पहिल्या फेरीत एकच कर्ण दोनदा मोजला तर ६ मिमीचा फरक आला. गाडी वाकली नव्हती, मापच बसत नव्हतं. शोधताना दोन कारणं सापडली. गजाचं टोक प्रत्येक वेळी भोकात वेगळ्या खोलीवर बसत होतं. शिवाय डाव्या बाजूचं एक भोक ओढलं जाऊन लांबट झालं होतं, त्यामुळे त्याचा मध्य डोळ्याने धरता येत नव्हता. मिस्त्री म्हणाले, “मध्य शोधूच नका. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत घ्या, मग बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, आणि दोन्हींची सरासरी काढा.” भोकं लहान-मोठी असली तरी यातून मध्यापासून मध्यापर्यंतचंच अंतर येतं. लांबट झालेलं भोक सोडलं आणि शेजारचं चांगलं धरलं. गजांची लांबीही सारखी करून बोल्टने आवळली. त्यानंतर तीच मापं परत परत तीच यायला लागली.

टॉवर ते बिजागरी, कर्णांतला फरक २ मिमी. सर्वसाधारणपणे ३ मिमीपर्यंत चालतं, म्हणजे टॉवरपासून मागे गाडी सरळ आहे. रेल म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाणाऱ्या पत्र्याच्या तुळया. त्यांच्या पुढच्या टोकांचे कर्ण मोजले तर फरक १९ मिमी. डावी रेल टॉवरच्या पुढे, ठोकर शोषण्यासाठी मुद्दाम खाचा दिलेल्या असतात तिथेच दुमडली आहे. जे मोडायला बनवलं होतं ते मोडलं, आणि त्यामागचं वाचलं.

हे बरं लक्षण आहे. रेल दुमडून टॉवरही हलला असता तर आजच बाद केली असती. दुमडलेली रेल गरम करून सरळ करायची नाही, हे मिस्त्रींनी दोनदा सांगितलं. हल्लीच्या पत्र्यात उच्च ताकदीचं पोलाद असतं आणि उष्णतेने त्याची ताकद जाते. मधल्या खांबातलं बोरॉन पोलाद तर अजिबात तापवायचं नाही. रेल कापून नवा तुकडा जोडायचा, आणि तोही कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच, जिगवर, म्हणजे गाडीचं अंग मापात घट्ट धरणाऱ्या चौकटीवर, बांधून. जिगचं भाडं धरून या कामाचे ११.

१५ नोव्हेंबर: चाक आणि सबफ्रेम

डाव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर उजव्यापेक्षा ११ मिमी कमी. पुढचं चाक मागे ढकललं गेलंय. चाकाला खालून धरणारा लोअर आर्म वाकलेला दिसतोच आहे, पण एवढं सगळं अंतर त्यानेच खाल्लंय का, ते कळत नव्हतं.

गाडी उचलून घोड्यांवर ठेवली आणि खाली शिरलो. सबफ्रेम, म्हणजे लोअर आर्म ज्याला जोडलेले असतात तो खालचा साटा, सांगाड्याला चार जाड बोल्टनी धरलेला असतो. मागच्या डाव्या बोल्टच्या वॉशरभोवती टॉर्च मारला तर सगळीकडे जुना चिखल आणि गंज, पण वॉशरच्या पुढच्या कडेला चकचकीत धातूची अर्धचंद्राकृती चकती. आजवर वॉशरखाली झाकलेला पत्रा. ठोकर बसली तेव्हा सबफ्रेम बोल्टासकट मागे घसरला आणि तेवढा पत्रा उघडा पडला. व्हर्नियर लावला तर सर्वांत रुंद जागी ४ मिमी. उजव्या बोल्टांभोवती असं काही नाही.

बोल्ट सैल करून सबफ्रेम मूळ जागी आणता येईल, पण आधी तो स्वतः वाकलेला नाही ना हे बघावं लागेल, आणि ते काढल्याशिवाय कळत नाही. नकलचंही (ज्या तुकड्यावर चाक बसतं तो) तेच. पुढे अलाइनमेंटला नेल्यावर कॅम्बरसोबत (चाक आत-बाहेर किती कललंय ते) स्टीअरिंग अक्षाचा, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा, झोकही बघायचा. झोक दोन्हीकडे सारखा आणि कॅम्बर मात्र वेगळा असेल तर दोष नकल किंवा स्ट्रटमध्ये. झोकच वेगळा असेल तर टॉवर, सबफ्रेम किंवा लोअर आर्म. फक्त टो (चाकांची पुढची टोकं किती आत-बाहेर आहेत ते) जुळवून ‘झालं’ म्हणणारी गाडी पुढे टायर खात राहते. सस्पेन्शनचे ५.

१९ नोव्हेंबर: वीज

चेपलेल्या गाडीला बॅटरी सरळ जोडायची नाही. कुठली तरी तार चिरडून पत्र्याला टेकलेली असते. बॅटरीच्या तारेत २१ वॉटचा बल्ब मालिकेत लावला. शॉर्ट असेल तर करंट बल्बपुरताच वाहतो, तार जळत नाही. चावी बंद असताना बल्ब ढणढणा पेटला. पंख्याकडे जाणारी तार रेडिएटरच्या कडेखाली कापली गेली होती. ती सोडवून टोक झाकलं, बल्ब विझला.

बॅटरी पुन्हा काढून स्कॅनरच्या १६ पिनी सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांमधला रोध मोजला. या दोन पिनांवर गाडीतल्या सगळ्या मॉड्यूलची बोलायची लाइन असते आणि तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असतात. लाइन अखंड असेल तर मीटर ६० दाखवतो. इथे १२०. म्हणजे एक टोक तुटलंय.

या मॉडेलमध्ये एक टोक इंजिनच्या ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, आहे, आणि ईसीयू डाव्या कोपऱ्यात बॅटरीशेजारी. म्हणजे ठोकर बसली तिथेच. ईसीयू गेला असता तर भानगड मोठी होती, कारण ईसीयू, चावी आणि मीटर एकमेकांशी जुळवलेले असतात आणि दुसऱ्या गाडीचा ईसीयू आणून लावला म्हणून इंजिन चालू होत नाही. ब्रॅकेट मोडलं होतं, पण डबा चेपला नव्हता. कनेक्टरचा आडणा अर्धा उघडला होता. पिना सरळ होत्या. दाबून बसवला, आडणा लावला, मीटर ६० वर. आजचा दिवस वसूल झाला.

मग बॅटरी लावून स्कॅन. इंजिनचे कोड किरकोळ, उखडलेल्या सेन्सरांचे. एअरबॅग मॉड्यूलमध्ये मात्र ‘क्रॅश नोंदवला’ असा कोड आला आणि तो पुसला जात नाही.

२१ नोव्हेंबर: एअरबॅगचा हिशेब

११ तारखेचा ५ चा आकडा इथे कोसळला.

उडालेली फक्त पिशवी बदलून भागत नाही. यादी अशी झाली: स्टीअरिंगमधली एअरबॅग, डॅशबोर्डमधली एअरबॅग, अख्खा डॅशबोर्ड (तो त्या जागी फाटतो, आणि शिवलेला डॅशबोर्ड पुढच्या वेळी नीट फाटेल याची खात्री नाही), दोन्ही पुढचे सीटबेल्ट (ताण देणारी बारूद एकदाच उडते, त्यानंतर बेल्ट बदलावाच लागतो), स्टीअरिंगखालची गुंडाळलेली केबल, पुढचा धक्का ओळखणारा सेन्सर, आणि मॉड्यूल. डॅशबोर्डमधल्या पिशवीने समोरची काचही फोडली आहे. काच वेगळी धरून बाकीच्याचे १७, काचेचे २.

स्वस्तात करायचे रस्ते सगळ्यांनी सुचवले. एक म्हणजे मोडीतल्या दुसऱ्या गाडीच्या एअरबॅग लावायच्या. टाकाटा या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरचं (पिशवी फुगवणारा भाग) प्रकरण आठवतं. त्यातल्या अमोनियम नायट्रेटवर उष्णता आणि दमटपणाचा परिणाम व्हायचा आणि एअरबॅग उडताना धातूचे तुकडे माणसावर यायचे. एकट्या अमेरिकेतच सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत बोलावले. यार्डच्या फळीवरची एअरबॅग कोणत्या गाडीची, किती उन्हात राहिली, परत बोलावलेल्यांतली आहे का, ते तिच्यावर बघून कळत नाही. दुसरा रस्ता मॉड्यूलमधली क्रॅशची नोंद पुसून देणाऱ्यांचा. कंपनीच्या पुस्तिकेत मॉड्यूल बदला असं लिहिलंय.

तिसऱ्या रस्त्याचा मी विचारही करणार नाही, पण तयार गाडी विकत घेणाऱ्याने तो ओळखायला शिकलं पाहिजे. एअरबॅगच्या कनेक्टरमध्ये दोन-तीन ओहमचा रोध खुपसतात. मॉड्यूलला वाटतं पिशवी जागेवर आहे, दिवा विझतो, झाकणामागे पोकळी. दिवाच काढून टाकणारेही आहेत. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा आधी लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी आपण होऊन विझला पाहिजे. लागतच नसेल किंवा शेजारच्या ऑइलच्या दिव्याबरोबरच लागून विझत असेल, तर तारा जोडलेल्या आहेत असं समजावं.

हे काम स्वतः करणार असाल तर: पिवळे कनेक्टर एअरबॅगचे. बॅटरी काढून पुस्तिकेत दिलेली मिनिटं थांबायचं, मॉड्यूलमध्ये तेवढा वेळ चार्ज राहतो. साध्या मल्टिमीटरने इन्फ्लेटरचा रोध मोजायचा नाही. बाजूच्या न उडालेल्या एअरबॅग अजून जिवंत असतात.

२२ नोव्हेंबर: इंजिन

चांगलं आहे. स्पार्क प्लग काढून क्रँकच्या बोल्टवर पान्हा लावला, हाताने मोकळं फिरलं. काँप्रेशन (प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) १२.१, १२.३, ११.९, १२.२ बार. सिलिंडरांमधला फरक नगण्य. गिअरबॉक्सच्या आवरणाला तडा नाही, डावं माउंटिंग तुटलंय. रेडिएटर, एसीचा कंडेन्सर आणि पंखा नवे लागतील. एसीची लाइन इतके दिवस उघडी असल्यामुळे ड्रायरही बदलावा लागेल, कारण त्याने भरपूर ओलावा शोषला असणार. सगळ्याचे ५.

गंमत अशी की लोक मोडीतली गाडी बघायला जातात आणि पहिला प्रश्न ‘इंजिन कसं आहे?’ असाच विचारतात.

२४ नोव्हेंबर: लालची बेरीज

रेल, एप्रन (चाकावरचा आतला पत्रा) आणि रेडिएटर सपोर्ट ११. सस्पेन्शन ५. कूलिंग आणि एसी ५. बॉनेट, फेंडर, बंपर, हेडलाइट वापरलेले ६. रंग ६. एअरबॅग-बेल्ट १७. समोरची काच २. टायर ३. वायरिंग १. वाहतूक आणि अधिकृत तपासणी ३. बेरीज ५९. उघडल्यावर निघणाऱ्या कामांसाठी १५ टक्के, म्हणजे ९. एकूण ६८, आणि यात गाडीची किंमत अजून धरलेलीच नाही. फुकट दिली तरी ६५ च्या बाहेर जाते.

एअरबॅग आणि काच वजा करून तीच बेरीज मांडली. ४० आणि वर ६, म्हणजे ४६. गाडी १९ ला मिळाली असती तर बरोबर ६५. पत्रा, रेल, सस्पेन्शन, ज्याने पोटात गोळा आला होता ते सगळं परवडत होतं.

तरी यार्डवाल्यांशी बोललो. म्हणाले, “वीसच्या खाली नाही साहेब. तुम्ही नाही घेतली तरी इंजिन-गिअरबॉक्समध्येच माझे निघतात.” खोटं बोलत नव्हते. मीच काँप्रेशन काढून दिलं होतं. इंजिन जितकं चांगलं तितका यार्डचा तळाचा भाव वर, कारण त्यांच्याकडे तोडून विकायचा पर्याय कायम असतो.

लाल सोडली.

३० नोव्हेंबर: तिसरी

आता शोधायची रीत बदलली. आधी प्रश्न: एअरबॅग उडाल्या आहेत का? उडाल्या असतील तर फोनवरच नमस्कार.

अशी एक करडी मिळाली, तेच मॉडेल. मागून ठोकलेली. डिकीचं दार आत, बंपर नाही, स्टेपनीच्या खड्ड्याचा पत्रा चुरगळलेला, मागची काच फुटलेली, सायलेन्सर वाकलेला. मागणी ३१. कागदावर सांगाड्याला इजा, चासी नंबर तिन्ही ठिकाणी जुळला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, कोरडा आणि स्वच्छ. सॉकेटवर ६० ओहम. स्कॅनमध्ये क्रॅशची नोंद नाही. ही शेवटची तपासणी मागून ठोकलेल्या गाडीतही सोडू नये, काही मॉडेलांत मागच्या धडकेतही बेल्टची बारूद उडते.

डिकीच्या तोंडाचे कर्ण ७ मिमीने वेगळे, पण मागच्या काचेच्या चौकटीचे सारखे. म्हणजे वाकणं काचेच्या खालीच थांबलंय. मागच्या दाराची फट दोन्हीकडे सारखी. मागच्या चाकांची अंतरं जुळली. पेट्रोलची टाकी आणि तिचे पट्टे शाबूत.

एक गोष्ट मिस्त्रींनी दाखवली नसती तर राहिली असती. मागून धडक बसली की माणसाचं सगळं वजन सीटच्या पाठीवर येतं. त्यांनी पुढच्या दोन्ही सीट एकाच खाचेवर उभ्या केल्या आणि मागून बघायला सांगितलं. एक पाठ दुसरीपेक्षा किंचित मागे, खांद्याच्या रेषेत दोन बोटांचा फरक. बिजागरीची पट्टी पिळली आहे. सीट अख्खी बदलावी लागेल, वेल्डिंग करून चालणार नाही. तोच मुद्दा पुढे करून भाव बोललो.

२ डिसेंबर: करडीची बेरीज

मागची रेल ओढून सरळ करणं, डिकीचा तळ आणि मागचं पॅनल १३. डिकीचं दार, बंपर, दिवे आणि एक सीट, सगळं वापरलेलं ५. रंग ६. काच १. सायलेन्सर २. टायर ३. वाहतूक आणि तपासणी ३. बेरीज ३३, वर १५ टक्क्यांचे ५. गाडी २६ ला ठरली. एकूण ६४.

मार्जिन फक्त १ आहे, म्हणून विसार देण्याआधी दोन गोष्टी लेखी करून घेतल्या. दोन्ही चाव्या गाडीसोबत मिळतील. आणि उचलून नेईपर्यंत तिच्यावरचा एकही भाग कुणी काढणार नाही. यार्डमध्ये उभ्या गाडीचं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा महागडा भाग) रात्रीत नाहीसं होतं, आणि ते एकटंच हा १ गिळून वर आणखी मागेल. सगळ्या बाजूंचे, खालून आणि आतून फोटो काढले, त्यावर यार्डवाल्यांची सही घेतली.

५ डिसेंबर

गाडी आली. फोटोंशी ताडून बघितली, सगळं जागेवर आहे. जिगची तारीख १२ ची मिळाली आहे. तोवर मागचं कार्पेट, ट्रिम आणि टाकी काढून ठेवायची, कारण वेल्डिंगच्या आधी ते निघालेलंच पाहिजे. दुरुस्तीच्या नोंदी वेगळ्या वहीत. त्या वहीच्या पहिल्या पानावर खर्चाचा आकडा ३८ लिहिलाय, गाडीचे २६ वजा जाऊन उरलेला.